तीस फुटांची साखळी

ह्या सर्व्हे नंबरात पूर्वी एक टीम होती.
उताऱ्यावर तिची नोंद नाही, म्हणून सांगतो.

बडोद्यात कुणाला ठाऊक होता तो खेळ!
नैनेश दलालने ओहायोतलं मोटेल विकून आणली
सव्वीस हेल्मेटं, चौदा चेंडू
आणि नियमांचं पुस्तक,
त्यातली अकरा ते वीस पानं गोदीतच भिजलेली.
चेंडू गोल नव्हता.
मांडवीच्या पोरांनी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं : नारळ.
टीमचं नाव नदीनेच दिलं.
विश्वामित्री मगर्स.

मी सिटी सर्व्हेत साखळीवाला.
चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं,
नाहीतर नारळ समोरच्यांना.
दहा यार्ड म्हणजे तीस फूट,
आणि तीस फूट इमानाने मोजणारा
दांडिया बाजारपासून मकरपुऱ्यापर्यंत तू एकटाच,
असं नैनेश म्हणाला.
शनिवारी कचेरीची साखळी पिशवीत घालून न्यायचो,
सोमवारी साहेबांच्या आधी खुंटीला.
आम्ही हरलो ते सगळं
सरकारी मापाने हरलो.

पहिला सामना : सुरत एकेचाळीस, आपण शून्य.
प्रेक्षक साठ. त्यातले वीस
शेजारच्या लग्नातून हात धुवायला आलेले.

सर्जेराव शिर्के आखाड्यातून आला.
शिट्टी वाजली तरी सोडायचा नाही.
दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत
त्याच्या लेखी खेळ चालूच.
गेंडीगेटचा इलियास पठाण वर बघत धावायचा,
पतंगांनी लावलेली सवय;
गच्चीवरून दोनदा पडला होता,
मैदानावरच्या पडण्याला तो पडणं म्हणतच नसे.
आणि फणसेंचा मुकुल, पेट्या दुरुस्त करणाऱ्यांचा.
तो फेकायचा लांब, निवांत,
चेंडूला कुठे पोचायची घाईच नाही असा.

दुसऱ्या वर्षी पूर ओसरला
आणि तीस यार्डांच्या रेषेवर
खरीखुरी मगर येऊन पडली.
पंचाने पुस्तक काढलं.
तो नियम भिजलेल्या पानांत असावा.
वनखात्याची जीप येईस्तोवर दोन्ही टीम
एकाच बाकावर सेव-उसळ खात बसल्या.
माझ्या वहीत : अनिर्णित.

जिंकलो एकदा. नाशिकशी. दोन-शून्य.
त्यांचा गडी नारळ पोटाशी धरून
आपल्याच हद्दीत मागे मागे सरत गेला
आणि सर्जेरावने त्याला ढाक लावून चीत केला.
शिट्टी झाली. फटाके झाले.
कुणी कुठून हलगी आणली देव जाणे.
खालून तो नाशिककर म्हणत होता,
"जिंकलात हो, आता उठवा की ह्यांना."

एकूण सामने अकरा.
हरलो नऊ, जिंकलो एक, एक मगरीचा.

तिसऱ्या वर्षी नैनेशचा फोन लागेना.
थकल्या भाड्यापोटी जमीनमालकाने हेल्मेटं ठेवून घेतली.
त्यातल्या एकात अजून त्यांचा कुत्रा पाणी पितो.

परवा ह्याच जमिनीची मोजणी निघाली. प्लॉट पाडायचे.
हल्ली तिपाईवरचं यंत्र लाल ठिपका टाकतं,
साखळी कुणी विचारत नाही.
मी नेली होती.

प्लॉट नंबर सात. दर्शनी रुंदी तीस फूट.
पूर्वेस प्लॉट सहा, पश्चिमेस आठ,
उत्तरेस नियोजित रस्ता, दक्षिणेस नाला.
मी पुन्हा मोजली. तीसच.
एवढं ओलांडायला आम्हाला चार डाव पुरत नसत.
इथे आता कुणाचा तरी सोफा येईल, देवघर येईल.

खुंटी ठोकली आणि हात आपोआप सरळ पुढे गेला,
दहा यार्ड झाले की पंच दाखवायचा तसा.
यंत्रावरच्या नव्या पोरीने
माझ्या बोटाच्या दिशेने पाहिलं,
मान डोलावली,
आणि नकाशात नाला
जरा जाड केला.